थंब रिंगने धनुष्य ओढताना अंगठा ठणकतो, बाण घसरतो, रिंग उडते. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की तीन बोटांनी ओढायची सवय आहे, आता जिभेची थंब रिंग (अंगठ्यात घालून दोरी ओढायची अंगठी, जिचा एक भाग जिभेसारखा पुढे आलेला असतो) घेतलीत, पण अंगठा ठणकतो, बाण धनुष्यावरून घसरतो आणि दोनदा रिंगच उडून पुढे पडली. पहिली आणि तिसरी तक्रार मुळात एकच आहे: रिंग अंगठ्यात नीट बसलेली नाही. मधलीचं कारण वेगळं आहे, त्याकडे नंतर येतो.

जिभेची रिंग, म्हणजे तुर्की, इराणी किंवा मुघल घडणीची, आतून गोल नसून लंबगोल असावी लागते. ती घालताना पाव वळसा फिरवून आडवी घालायची, सांध्यापलीकडे न्यायची आणि मग सरळ करायची, म्हणजे जीभ अंगठ्याच्या मांसल बाजूवर येते. सरळ केल्यावर ती सांध्याला अडली पाहिजे. तपासायला सोपं आहे: अंगठा ताठ करा आणि हात खाली जोरात झटका. रिंग निघाली तर सैल आहे. अंगठा पूर्ण वाकवल्यावर कडा रुतली तर घट्ट आहे. उन्हात बोटं फुगतात आणि थंडीत आकसतात, म्हणून रिंग किंचित सैल घेऊन आतून, नखाच्या बाजूला, पातळ चामड्याचा तुकडा चिकटवणं मला सगळ्यात बरं वाटतं. तो गरजेप्रमाणे बदलता येतो. (चिनी, नळीसारखी गोल रिंग वेगळ्या पद्धतीने बसते. तिच्या सूचना वाचून ही रिंग वापरू नका.)

आता दोरी. ती जिभेच्या टोकावर नाही, तर जीभ जिथून सुरू होते त्या खोबणीत, सांध्याच्या घडीजवळ बसली पाहिजे. दोरी टोकाकडे सरकली की रिंग तरफेसारखी उलटते: पुढून जीभ दोरीबरोबर ओढली जाते आणि मागची कड अंगठ्याच्या वरच्या बाजूत रुतते. नखामागे लाल वळ उठत असेल तर कारण हेच समजा. अशी दोरी निसटतेही अवचित, आणि जाताना जिभेला धक्का देऊन सैल रिंग सोबत घेऊन जाते.

पकड अशी: अंगठा दोरीभोवती वाकवा, तर्जनी त्याच्या नखावरून घ्या आणि उरलेली तीन बोटं तळहातात मिटा. अरबी तिरंदाजीत या पकडीला ६३ म्हणतात, कारण बोटांवर आकडे मोजायच्या जुन्या पद्धतीत ६३ ची खूण नेमकी अशीच होते. तर्जनीचं काम कुलपासारखं आहे. ओढायचं तिने नाही, अंगठा उघडू न देणं एवढंच तिच्याकडे. तिने नख दाबून धरलंत तर नख काळंनिळं होईल. तिचं टोक दोरीवर दाबलं गेलं तर सोडताना दोरी त्याला घासून जाईल. ते दोरीच्या आतल्या बाजूला, दोरीला समांतर, हलकं टेकलेलं असू द्या.

बाण का घसरतो? तीन बोटांच्या पद्धतीत उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला असतो. इथे तो उजव्या अंगाला, धनुष्य धरलेल्या हाताच्या अंगठ्यावर टेकतो. तिथे त्याला धरून ठेवतो तो ओढणारा हात. तळहात जमिनीकडे किंचित वळवा, म्हणजे तर्जनीच्या बुडाची कड बाणाला अलगद धनुष्याकडे रेटते. अलगदच. जास्त पीळ दिलात तर बाणाची काडी डोळ्यांना दिसेल इतकी वाकते आणि तो वाकडा सुटतो. दुसरं म्हणजे जुन्या सवयीने धनुष्याचं वरचं टोक उजवीकडे कलतं. तेव्हा तो कल चालत होता, आता त्याच कलाने बाण खाली पडतो. सुरुवातीला धनुष्य उभंच धरा.

धनुष्यही तपासा. बाण ठेवायला खाच कापलेलं उजव्या हाताचं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) असेल तर खाच चुकीच्या बाजूला आहे. एकतर डावखुऱ्यांचं धनुष्य घ्या, नाहीतर दोन्ही बाजूंनी सारखं, खाच नसलेलं पारंपरिक धनुष्य. वजन, म्हणजे धनुष्य पूर्ण ओढायला लागणारा जोर, २० ते २५ पौंड, तीन बोटांनी तुम्ही ४० पौंड सहज ओढत असलात तरीही. तेव्हा भार तीन बोटांत वाटला जायचा, आता तो एकाच सांध्यावर येतो.

इथे एक गोष्ट जिवाची आहे. या पद्धतीत हात हनुवटीशी थांबत नाही, कानापर्यंत किंवा त्याहीमागे जातो, त्यामुळे जुने बाण आखूड पडू शकतात. पूर्ण ओढल्यावर बाणाचं टोक धनुष्याच्या किमान २ इंच पुढे असलंच पाहिजे. टोक आत आलं तर बाण तुमच्याच हातात घुसेल. धनुष्य तेवढं लांब ओढायला बनवलेलं आहे ना, हेही विचारून घ्या.

बाणाला प्लास्टिकची पाती नकोत, खरी पिसं हवीत, कारण ती हातावरून घासून जातात. पिसाच्या पुढच्या टोकाला दोरा गुंडाळून वर गोंद लावा आणि बोट फिरवून बघा. तिथे उठलेला पिसाचा काटा अंगठ्याची कातडी चिरतो. दोरीवर बाणाच्या खाचेच्या वर आणि खाली दोऱ्याची एकेक बारीक गाठ बांधा, बाण दोरीशी काटकोन करतो त्या जागेच्या साधारण ५ ते १० मिलिमीटर वर.

सोडताना बोटं उघडायची नसतात. पाठीने ओढत राहा, तर्जनी सैल करा, दोरी अंगठ्याला स्वतःच सरळ करून निघून जाते आणि हात आपोआप मागे सरकतो. हात बाजूला फेकलात तर बाण भरकटतो. हे धनुष्यावर शिकू नका. हातभर दोरीचा फास करून एक टोक डाव्या मुठीत धरा, दुसऱ्यात रिंग अडकवा, ताणा आणि सोडा. रोज ५० वेळा, आठवडाभर. मग ३ ते ५ मीटरवरून गवताच्या मोठ्या गंजीवर, नजर निशाण्याऐवजी हातावर ठेवून, एकाआड एक दिवस ३० ते ४० बाण. बाण न लावता धनुष्य ओढून कधीच सोडू नका, ते फुटू शकतं.

नेम त्यानंतर. आणि तेव्हा बाण सतत उजवीकडे जात असतील तर काडी कडक असेल, डावीकडे जात असतील तर मऊ. तीन बोटांच्या हिशोबाच्या हे बरोबर उलट आहे, त्यामुळे जुन्या अंदाजाने बाण बदलू नका. आधी सोडणं एकसारखं होऊ द्या.

अंगठ्याला मुंग्या आल्या किंवा टोक बधिर वाटलं तर तो दिवस तिथेच थांबवा आणि पुढच्या वेळी आधी रिंगची मागची कड बघा. ती धारदार असेल तर बारीक पॉलिश पेपरने गोल करा. वजन वाढवायचं ते सलग ४० बाणांनंतर अंगठ्यावर कसलाही वळ उरत नाही तेव्हाच, आणि एका वेळी ५ पौंडांपेक्षा जास्त नको.