जिथं नोटेलाच 'पाऊस' म्हणतात

प्रश्न : नमस्कार भाऊ, पोरगं भूगोलात आफ्रिकेतला बोत्सवाना देश शिकून आलं, म्हणे तिथं सव्वा लाखाच्या वर हत्ती आहेत. इथं भिवापूरकडं रानडुकरांसाठी आम्ही रात्रभर जागलीला, मग तिथले शेतकरी वावर राखतात कसे?
– एक शेतकरी, जि. नागपूर

उत्तर : दादा, तुमच्या वावरातली मिरचीच तिथं कामी येते बघा! सुकी मिरची कुटून हत्तीच्याच शेणात कालवतात, विटा थापून वाळवतात अन् रात्री वावराच्या कडेला धुमसत ठेवतात, तो ठसका हत्तीच्या सोंडेला सहन होत नाही, तो मागं फिरतो. पण वारा फिरला की सगळी मेहनत वाया, म्हणून जागल त्यांनाही चुकत नाही.

देश महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट, माणसं मात्र पंचवीसेक लाखच, कारण बराचसा भाग कालाहारी वाळवंटाची वाळू. गुरं भरपूर. 1966 ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा लय गरिबी होती, पुढच्याच वर्षी ओरापा नावाच्या ठिकाणी हिरे सापडले अन् त्या पैशातून शाळा, दवाखाने, रस्ते झाले, हे मला फार मोलाचं वाटतं.

ओकावांगो नदीचं तर नवलच, पाऊस पडतो अंगोला देशात, अन् ते पाणी हळूहळू सरकत काही महिन्यांनी बोत्सवानात पोचतं, ऐन कोरड्या दिवसांत, मग हत्ती, म्हशी, हरणं सगळी तिकडंच धावतात. समुद्राला ही नदी मिळतच नाही, वाळूत जिरते नाहीतर उन्हानं उडून जाते. अन् तिथल्या चलनाचं नाव 'पुला', म्हणजे पाऊस.