बी-पेशीला बी-पेशी कोण ठेवतं?

प्रश्न : मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. 'शरीरातल्या सगळ्या पेशींत जनुकं सारखीच' असं सांगितल्यावर एका मुलीने विचारलं, मग प्रतिकारशक्तीची एकच पेशी अँटिबॉडी का बनवते, शेजारची का नाही? मी 'काही जनुकांचे स्विच चालू, काही बंद' एवढंच सांगितलं. बरोबर आहे ना?
— एक शिक्षिका, कर्वेनगर, पुणे

उत्तर : ताई, बरोबर आहे. फक्त 'स्विच' म्हणताना दिव्याचं बटण नको, दारावरच्या बेलचं बटण डोळ्यांसमोर आणा. बोट दाबून धरलंय तोवरच ती वाजते.

हे बोट म्हणजे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. डीएनएवरची ठरावीक अक्षरं ओळखून तिथे बसणारं प्रथिन. ते बसलं की जनुकाची नक्कल निघू लागते, किंवा निघायची थांबते. अँटिबॉडी बनवणारी तुमच्या मुलीची पेशी म्हणजे बी-पेशी. तिच्यात ही मुख्य जबाबदारी पॅक्स-५ नावाच्या फॅक्टरची. पाषाणला प्रयोगशाळेत असताना उंदराच्या अस्थिमज्जेतल्या पेशी आम्ही फ्लो सायटोमीटरमधून, म्हणजे एकेका पेशीवरच्या खुणा मोजणाऱ्या यंत्रातून, सोडायचो. पडद्यावर ठिपक्यांचे दोन पुंजके उमटायचे. बी-२२० आणि सीडी-१९ ही पेशीच्या पृष्ठभागावरची खुणेची प्रथिनं. बी-२२० दोन्ही पुंजक्यांवर, पण सीडी-१९ फक्त वरच्या पुंजक्यावर. पेशी वाढत खालच्या पुंजक्यातून वरच्यात जाताना मधे कुठेतरी पॅक्स-५ कामाला लागलेलं असतं, कारण सीडी-१९चं जनुक तेच चालू करतं. त्याच वेळी ते नॉच-१चं जनुक बंद ठेवतं. नॉच म्हणजे टी-पेशी (प्रतिकारशक्तीचीच, पण अँटिबॉडी न बनवणारी पेशी) होण्याची वाट. मला विचाराल तर हे बंद ठेवणंच जास्त महत्त्वाचं, आणि शिकवताना नेमकं तेच राहून जातं.

व्हिएन्नात माइनराड बुसलिंगर यांच्या गटाने पूर्ण वाढ झालेल्या बी-पेशींतून पॅक्स-५ काढून टाकलं. २००७ची गोष्ट. उंदराच्या शरीरात त्या पेशी आल्या वाटेने मागे फिरल्या आणि थायमसमध्ये, म्हणजे टी-पेशी घडवणाऱ्या छातीतल्या ग्रंथीत, त्यांच्यापासून टी-पेशी तयार झाल्या! त्या मूळच्या बी होत्या हे कशावरून? 'जनुकं सारखीच' या नियमाला इथे एक अपवाद आहे, तोही मुलीला सांगा. बी-पेशी अँटिबॉडीचं जनुक कापून नव्याने जोडते. ती जोडणी या टी-पेशींत सापडली.

तिने अँटिबॉडीचं विचारलंय म्हणून आणखी एक. अँटिबॉडी भरभरून सोडायची वेळ आली की बी-पेशीची प्लाझ्मा पेशी होते. तेव्हा ब्लिम्प-१ नावाचा दुसरा फॅक्टर पॅक्स-५चंच जनुक बंद करतो. म्हणजे पॅक्स-५चं बोट उचललं जातं खरं, पण तोवर दुसऱ्या बेलवर ब्लिम्प-१चं बोट पडलेलं असतं.