नोट चुगली करत नाही

बिटकॉइन म्हणजे सट्टा. त्याचा गोपनीयतेच्या चळवळीशी काय संबंध? (नांदेड)

सट्टा नंतर आला. मोंढ्यात रोख देऊन चहा प्यालात, तर नोट तुमचं नाव कुणाला सांगत नाही. फोनवरून दिलेत, की बँकेकडे वेळेसकट नोंद. अमेरिकी संशोधक डेव्हिड चॉम यांना हा धोका फार आधी दिसला. १९८२ मध्ये त्यांनी ‘आंधळी सही’ मांडली. नाण्याचा आकडा लिहिलेली चिठ्ठी आणि कार्बन पाकिटात बंद करायचे. बँक पाकिटावर सही करते, ती आत उमटते, पण चिठ्ठीवरचा आकडा बँकेला दिसत नाही. चिठ्ठी परत आली की सही खरी हे कळतं, ती नेली कोणी हे कळत नाही. काय डोकं! त्यांची डिजिकॅश कंपनी मात्र १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली. गोपनीयता सगळ्यांना हवी असते, तिच्यासाठी खिशात हात कोणी घालत नाही.

फाईलची कॉपी निघते. मग बँकेशिवाय नाणं खरं कसं ठरणार? (लातूर)

खरी गोम इथेच आहे. सोयाबीनचं एकच पोतं दोन आडत्यांच्या काट्यावर घालता येत नाही. डिजिटल नाणं मात्र दोघांना देता येतं. १९९२ मध्ये एरिक ह्यूज, टिमोथी मे, जॉन गिलमोर यांच्याभोवती सायफरपंक, म्हणजे गुप्तलिपीवर भिस्त ठेवणारे प्रोग्रामर, जमले. गोपनीयता सरकारकडे मागत बसू नका, प्रोग्राम लिहून मिळवा, हा त्यांचा बाणा. त्याच वर्तुळातल्या अॅडम बॅक यांनी १९९७ मध्ये नको असलेल्या ईमेलवर हॅशकॅश हा उतारा काढला: पत्र पाठवण्याआधी संगणकाने थोडं गणित सोडवायचं. एका पत्राला किरकोळ, लाखाला महाग.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये आलेल्या बिटकॉइनच्या आराखड्यात हीच मेहनत कामी आली. व्यवहारांची वही सगळ्यांकडे, म्हणून एकच नाणं दोघांना दिलं तर पकडलं जातं; पान जोडायला गणित, जुनं पान खोडायचं तर पुढच्या सगळ्या पानांची मेहनत पुन्हा. ३ जानेवारी २००९ ला पहिलं पान पडलं.

सरकारचा शिक्का नसलेलं चलन टिकेल? (जालना)

शिक्का असलेलंही जातं. आजोबांच्या पेटीत निजामाचा हाली सिक्का असेल तर पाहा.

बिटकॉइनचा व्यवहार गुप्त राहतो ना? (परभणी)

उलट. वही उघडी आहे, फक्त नावाऐवजी पत्ता असतो. पत्ता कोणाचा हे एकदा कळलं, की त्या पत्त्यावरचा सगळा हिशेब चव्हाट्यावर. चॉम यांनी जे झाकलं, ते इथे उघडं पडलं.

ओळखीचे एक जण क्रिप्टोत सहा महिन्यांत दुप्पट देतो म्हणतात. (अंबाजोगाई)

देऊ नका. खासगी चावी, म्हणजे नाणी खर्च करू देणारा गुप्त आकडा, कोणाकडे राहणार, एवढं विचारून बघा. ‘माझ्याकडेच’ म्हणाले, तर चहा पाजून वाटेला लावा. चहाचे पैसे रोख द्या.