शरीरातून डेटा पाठवताना परतीचा मार्ग आधी तपासा

आपला प्रश्न असा आहे : सोलापुरातील टॉवेलच्या कारखान्यात कामगाराने मागाच्या हँडलला हात लावताच त्याच्या मनगटी पट्ट्यातील ओळख क्रमांक शरीरावाटे मागापर्यंत पोहोचावा, हा पदविकेचा प्रकल्प हजारभर रुपयांत होईल का, आणि घरी टेबलावर उत्तम चाललेली जोडणी कारखान्यात बंद का पडली? खर्चाचे गणित जमण्यासारखे आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र सविस्तर द्यायला हवे.

थॉमस झिमरमन यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात ही पद्धत मांडली, तेव्हा ३३० किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर (जिच्यावर स्वार होऊन माहिती जाते त्या लहरीवर) सेकंदाला सुमारे २४०० बिट पाठवले होते. ओळख क्रमांकासाठी एवढा वेग पुरेसा आहे आणि तो आर्डुइनो नॅनो या साध्या मायक्रोकंट्रोलर बोर्डालाही झेपतो. १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर टायमरची तुलना-संख्या (जेथवर मोजून तो पुन्हा शून्यावर येतो तो आकडा) २३ ठेवून दर फेरीला पिन उलटसुलट केली, की ३३३ किलोहर्ट्झची चौकोनी लहर मिळते. ती चालू-बंद करून बिट पाठवावेत.

आता मूळ अडचण. विद्युत परिपथ पूर्ण व्हायला जाण्याचा आणि परतीचा असे दोन मार्ग लागतात, आणि शरीर त्यांपैकी फक्त जाण्याचा मार्ग देते. परतीचा मार्ग जमीन, हवा आणि आजूबाजूच्या वस्तूंमधील अगदी क्षीण धारितेतून (एकमेकांना न टेकलेल्या वाहकांमधील कपॅसिटरसारख्या जोडणीतून) जातो. आपण लिहिल्याप्रमाणे घरी दोन्ही बोर्ड एकाच लॅपटॉपच्या यूएसबीला जोडलेले होते, म्हणजे परतीसाठी चक्क तांब्याची तार उपलब्ध होती. तेथे मिळालेले यश शरीरातून झालेल्या वहनाचे नव्हतेच, असे मला वाटते. घरच्या विजेवर चालणाऱ्या ऑसिलोस्कोपची (लहर पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाची) ग्राउंड क्लिप लावली तरी असाच आभास होतो, कारण ती अर्थिंगला जोडलेली असते. म्हणून दोन्ही बाजू स्वतंत्र सेलवर चालवा, लॅपटॉप पूर्ण काढा, आणि क्रमांक ओळखला गेल्याची खूण एका एलईडीवर पाहा. हात हँडलपासून वीतभर दूर धरूनही एलईडी लागला, तर सिग्नल हवेतून येत आहे आणि ग्राहकाची (मागावरील रिसीव्हरची) संवेदनशीलता कमी करायला हवी.

ग्राहकाच्या बाजूला सिग्नल वाढवण्यासाठी एलएम३५८ ही वर्धक (ऑप-अँप) चिप वापरू नका. त्याचा लाभ-पट्टारुंदी गुणाकार (वर्धनाचे प्रमाण गुणिले वारंवारता यांची मर्यादा) सुमारे १ मेगाहर्ट्झ असल्याने ३३३ किलोहर्ट्झवर त्याच्याकडून जेमतेम तिप्पट वर्धन मिळते. टीएल०७२ हा दुसरा ऑप-अँप त्याहून बराच सरस आहे. तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून प्रत्येक टप्प्यात पाचपट वर्धन घ्या. त्याच्या आधी कॉइल आणि कपॅसिटरचा ३३३ किलोहर्ट्झला जुळवलेला परिपथ ठेवल्यास ५० हर्ट्झचा गुणगुणाट दूर राहतो. पुढे डायोडने लहरीच्या उंचीतील चढउतार (एन्व्हलप) वेगळा काढून एलएम३९३ या तुलनाकारक (कम्पॅरेटर) चिपने त्याचे शून्य-एक करावे. मोटारींचा गोंगाट तरीही आत शिरेलच, त्यामुळे मँचेस्टर कूटलेखन (प्रत्येक बिटाच्या मध्यावर पातळी बदलणारी पद्धत) आणि सीआरसी (संदेशातील चूक ओळखणारे जोडीचे बिट) यांत काटकसर करू नका.

मागाची लोखंडी चौकट अर्थिंगला जोडलेली असते. तिलाच इलेक्ट्रोड (सिग्नल टिपणारा धातूचा भाग) मानले तर सिग्नल थेट जमिनीत जाईल. हँडलवर आधी जाड प्लास्टिकचे आवरण, त्यावर तांब्याची पट्टी आणि तिच्यावर पुन्हा पातळ इन्सुलेशन अशी रचना करा, आणि ग्राहकाचे ग्राउंड मात्र चौकटीला जोडा. चौकट मोठी व अर्थिंगला जोडलेली असल्याने परतीचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. मनगटाच्या पट्ट्यात एक पट्टी त्वचेकडे, दुसरी बाहेरच्या बाजूला हवी. दोन्ही त्वचेला टेकवल्या, तर बहुतांश प्रवाह त्यांच्यातच फिरेल.

सुरक्षिततेबाबत माझे मत कठोर आहे. मनगटावरील उपकरण केवळ सेलवर चालावे, अंगावर असताना ते कधीही चार्ज करू नये, इलेक्ट्रोडच्या मालिकेत लहान कपॅसिटर असावा, आणि पेसमेकर असलेल्या व्यक्तीवर चाचणी घेऊ नये. मालकांची परवानगी घेताना कामगारांनाही पट्टा काय पाठवतो हे समजावून सांगा.

एवढे करूनही क्रमांक चुकत राहिले, तर वेग १२०० बिटवर आणा आणि माग बंद असताना व चालू असताना किती संदेश गळतात, ते वेगवेगळे मोजून इथे कळवा. दोषाचे मूळ मोटारीत आहे की परतीच्या मार्गात, हे त्या दोन आकड्यांवरून ठरवता येईल.