गुलमर्गला जाताय ना? मग कॅमेरा हलका घ्या

आधी लग्नाबद्दल अभिनंदन! हनिमूनला कोणता कॅमेरा घ्यावा असं विचारलंत, तर डीएसएलआरचा, म्हणजे आत आरसा असलेल्या जड कॅमेऱ्याचा, विचार सोडा. नव्या नवरीचा हात धरायचा की किलोभर ओझं सांभाळायचं? कॅनन आर५० सारखा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला हलका कॅमेरा बघा. बॅटरी-कार्डासकट ३७५ ग्रॅम, वर १८-४५ एमएमची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) धरून अर्धा किलो. स्क्रीन बाजूला उघडून पुढे वळते, त्यामुळे दोघांचा फोटो काढायला दरवेळी कुणाला विनवावं लागत नाही.

किट लेन्स उजेडात उत्तम, पण दल सरोवरावर संध्याकाळच्या कमी उजेडात, शिकारा नावेत तिची दमछाक होते. बजेट उरलं तर २८ एमएम एफ/२.८ लेन्स घ्या, ती जास्त उजेड आत घेते. ५० एमएम सगळे सुचवतील, पण या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरवर ती ८० एमएमसारखी वागते, म्हणजे समोरचं फार जवळ दिसतं आणि फ्रेममध्ये कमी मावतं. शिकाऱ्यात समोरासमोर बसल्यावर मागे सरकायला जागा कुठली?

बर्फात एक गंमत होते. कॅमेरा पांढऱ्याला राखाडी करून टाकतो, म्हणून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +१ ठेवा. थंडीत बॅटरी भराभर उतरते. जादा बॅटरी आतल्या खिशात अंगाशी ठेवा, आणि विमानात ती केबिन बॅगेतच. कॅमेरा लग्नाच्या धावपळीआधीच आणा, हळदीत हात बसवून घ्या.