धावणाऱ्या मुलांच्या नडग्या आणि दोन लाखांची साधने

प्रश्न : मी बडोद्यातील एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमची 13 ते 16 वयाची बारा मुले-मुली 1500 आणि 3000 मीटर धावण्याचा सराव करतात. गेल्या वर्षी त्यांपैकी पाच जणांना नडगीच्या दुखण्यामुळे मोसमाच्या मध्येच बसावे लागले. यंदा माजी विद्यार्थ्यांनी आधुनिक साधनांसाठी दोन लाख रुपये दिले असून त्यातून ट्रेडमिल, बुटात घालायचे दाबमापक तळवे आणि कार्बन प्लेटचे (तळात ताठ पट्टी बसवलेले) बूट घ्यावेत, असा समितीचा आग्रह आहे. त्यामुळे दुखापती टळतील काय?

उत्तर : आपल्या पत्रात साधनांची यादी आहे, पण ती पाच मुले नेमकी कोणत्या आठवड्यात बसली, ते नाही, आणि माझ्या मते खरेदीपूर्वी पाहायला हवे ते हेच. सरावाची जुनी हजेरीवही काढावी. शाळा जूनमध्ये उघडल्यानंतरचे तीन-चार आठवडे, नवरात्र आणि दिवाळीच्या सुटीनंतरचे दिवस यांच्याभोवतीच तारखा गोळा झालेल्या दिसल्या, तर मला नवल वाटणार नाही. हाडावर ताण आला की थकलेला भाग आधी काढला जातो आणि नवा मागाहून भरला जातो, त्यामुळे सराव एकाएकी वाढवल्यावर काही आठवडे हाड पूर्वीपेक्षा कमकुवतच असते. दम मात्र त्याच काळात भराभर वाढतो, आणि मूल आपल्याला तयार दिसू लागते.

नवरात्राचे तर विचारूच नये. रात्री बारापर्यंत अनवाणी गरबा खेळलेल्या मुलीला सकाळी साडेसहाला 6 किलोमीटर पळवले, तर तिच्या पायांवर त्या दिवशी पडलेला भार कोणत्याच घड्याळात नोंदलेला नसतो, कारण चणियाचोळीवर जीपीएस घड्याळ कोणी बांधत नाही. त्यात झोपही बुडते. अमेरिकेतील शालेय खेळाडूंच्या 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, रात्री सरासरी 8 तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांमध्ये दुखापतीची शक्यता 1.7 पट आढळली होती. त्या नऊ दिवसांत सकाळचा सराव निम्मा करावा किंवा सरळ बंद ठेवावा. गरबा हाच सराव समजावा.

आता साधनांविषयी. ट्रेडमिलवर एका वेळी एकच मूल धावते. बारा जणांना वीस-वीस मिनिटे द्यायची म्हटली तरी चार तास लागतात, आणि एवढे करूनही पावलागणिक बसणारा धक्का चुकत नाही. हवेच्या दाबाने शरीराचे वजन उचलून धरणारी ट्रेडमिल असते खरी, पण ती दुखापतीतून उठणाऱ्या खेळाडूसाठी, मोठ्या उपचार केंद्रांत. साध्या ट्रेडमिलकडून ती अपेक्षा ठेवू नये. दाबमापक तळवे पाऊल जमिनीवर किती जोराने पडते ते सांगतात, मात्र नडगीच्या हाडावर येणारा बराचसा भार पोटरीच्या स्नायूंच्या ओढीचा असतो आणि तो तळव्याखाली मोजता येत नाही. पडद्यावरचा आकडा उतरला म्हणून हाड सुखात आहे, असा निष्कर्ष त्यावरून काढता येणार नाही.

कार्बन प्लेटच्या बुटांना माझा स्पष्ट विरोध आहे. हे बूट वापरणाऱ्या पाच धावपटूंच्या पावलातील नौकाकृती हाडाला झालेल्या इजांची नोंद 2023 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. पाच जणांवरून सिद्धांत होत नाही, हे मान्य. परंतु ज्यांची हाडे अजून वाढत आहेत, त्यांच्या रोजच्या सरावात ते आणण्याचे कारणही मला दिसत नाही. शिवाय 1 नोव्हेंबर 2024 पासून जागतिक नियमांनुसार ट्रॅकवरील शर्यतीत बुटाचा तळ 20 मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही, म्हणजे रस्त्यावरील शर्यतींसाठी बनवलेले जाड तळाचे बूट तेथे बादच ठरतात.

पैशांचा मोठा भाग साध्या, मापाच्या बुटांवर खर्च करावा. या वयात पाऊल वर्षभरही एका मापाचे राहत नाही, आणि थोरल्या भावाचे टाचेकडून तिरके झिजलेले बूट घालून येणारी मुले प्रत्येक शाळेत असतात. तीन-चार साधी जीपीएस घड्याळे जरूर घ्यावीत, पण वेग वाढवण्यासाठी नव्हे, तर हलक्या दिवशी मुलांना गप्पा मारता येतील इतक्या सावकाश ठेवण्यासाठी आणि आठवड्याचे एकूण अंतर वहीत मांडण्यासाठी. मनगटावर दिसणारे हृदयाचे ठोके वेगवान तुकड्यांत अनेकदा चुकतात. बाकी पोटऱ्या बळकट करायला जिन्याची पायरी पुरते, आणि बडोद्यासारख्या जुम्मादादा व्यायाममंदिराच्या गावात बैठकांचे महत्त्व मी सांगायला नको.

सगळ्यांत उपयोगी साधन फुकटातले आहे. भिंतीवर मापाची पट्टी चिकटवून दर महिन्याला प्रत्येकाची उंची लिहावी. उंची झपाट्याने वाढते तेव्हा हाड आधी लांब होते आणि त्यात खनिजे मागाहून भरतात. तेव्हा ज्याची उंची एकदम वाढू लागली असेल, त्याचे अंतर त्या काळात वाढवू नये.

दुखते म्हणणाऱ्या मुलाला बाकावर बसवून नडगीच्या आतल्या कडेवरून, घोट्याकडून वर, अंगठा दाबत न्यावा. चार-पाच बोटे लांबीचा पट्टा दुखत असेल, तर ते बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे ताणामुळे नडगीच्या कडेला होणारे दुखणे, असते आणि भार कमी करून निभावते. रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी अंगठा येताच मूल पाय ओढून घेत असेल, तर धावणे त्याच दिवशी बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. अशा वेळी हाडात बारीक तडा असू शकतो आणि पहिले दोन-तीन आठवडे तो एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, म्हणून स्वच्छ एक्स-रेवर विसंबू नये; गरज पडल्यास एमआरआय सांगतात. एखाद्या मुलीची पाळी तीन महिने चुकली असेल, तर तेही दुखापतीच्या आधीचे लक्षण मानावे, कारण धावण्याच्या मानाने खाणे कमी पडते तेव्हा हाडेही दुबळी होतात. हे शिक्षिकेने किंवा आईने विचारावे, सर्वांसमोर नको.

प्रश्न : माझा 13 वर्षांचा मुलगा शाळेच्या संघात धावतो. गुडघ्याच्या वाटीखाली त्याला टेंगूळ आले असून पळताना व जिना उतरताना ते दुखते. त्यावर मसाज गन (ठोके देऊन मालिश करणारे यंत्र) चालवली तर चालेल का? मित्रांकडे आहे म्हणून तो हट्ट धरून बसला आहे.

उत्तर : टेंगळावर मुळीच चालवू नये. आपल्या वर्णनावरून हे ऑसगुड-श्लॅटर वाटते; 1903 मध्ये दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे वर्णिलेले हे दुखणे वाढीच्या वयात, मांडीच्या स्नायूची कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) नडगीच्या कोवळ्या हाडाला जेथे जोडलेली असते तेथे ओढ बसून होते. मांडीच्या मांसल भागावर मसाज गन हलकेच फिरवायला हरकत नाही, पण हाडावर नको. पळण्याचे अंतर आणि उड्या कमी कराव्यात, सरावानंतर दहा मिनिटे फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवावा आणि काही दिवस सायकल किंवा पोहणे चालते का ते पाहावे. वाढ पूर्ण झाली की वेदना बहुधा थांबतात, टेंगूळ मात्र राहू शकते. रात्री झोपेतून उठवणारी वेदना, ताप, गुडघा अडकणे किंवा लंगडणे यांपैकी काही असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.