गाडी तापली की तिसऱ्या गिअरमध्येच अडकते

प्रश्न : माझी वीस वर्षं जुनी, चार गिअरची ऑटोमॅटिक गाडी आहे. अर्धा-पाऊण तास चालवली की कधीकधी ‘डी’चा दिवा लुकलुकतो आणि गाडी तिसऱ्या गिअरमधून हलत नाही. किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की सगळं ठीक. स्कॅनरवर पी०७५३ आणि पी०७५८ असे दोन कोड आले. मेकॅनिक गिअरबॉक्सच बदला म्हणतो. बदलावा का?

उत्तर : इतक्यात नको. हे कोड शिफ्ट सॉलेनॉईड (गिअर बदलणारे, विजेच्या कॉइलवर चालणारे व्हॉल्व्ह) ‘ए’ आणि ‘बी’च्या विजेच्या सर्किटचे आहेत. गिअरबॉक्सच्या आतला क्लच घसरत असता तर गिअरचं गुणोत्तर चुकल्याचे, पी०७३०च्या घरातले कोड दिसले असते. तिसऱ्यात अडकणं ही कंट्रोल युनिटची (गिअरबॉक्स चालवणाऱ्या कॉम्प्युटरची) खबरदारी आहे : शंका येताच ते सॉलेनॉईडचा पुरवठा तोडतं आणि वीज नसताना जो गिअर उरतो, तोच राहतो.

दोन कॉइल एकाच वेळी जाणं दुर्मीळच. म्हणून दोघांत सामाईक काय आहे ते आधी बघा : गिअरबॉक्सवरचा कनेक्टर, त्यातून निघणाऱ्या वायरी, अर्थ (बॅटरीच्या ऋण टोकाशी असलेली बॉडीची जोडणी).

थंड गाडीवर मीटर लावून काहीच कळणार नाही, आणि बहुतेक ठिकाणी नेमकं तेच केलं जातं. दोष आला की लगेच इंजिन बंद करून कनेक्टर काढा आणि पिन ते गिअरबॉक्सची बॉडी असा रोध मोजा (काही गाड्यांत कॉइलचं दुसरं टोक बॉडीला नसून वेगळ्या पिनवर असतं, वायरिंगचा नकाशा बघा). बऱ्याच गाड्यांत थंड असताना ११ ते १५ ओहम येतात. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे २० अंशांना १३ असलेला आकडा १०० अंशांना १७च्या आसपास जातो. ही वाढ दोष नव्हे. वायर हलवताना आकड्याने उड्या मारल्या किंवा मीटरने सर्किट उघडं दाखवलं, तर तो दोष.

वायरींसाठी ओहममीटरवर विसंबू नका. एकच तार शिल्लक असली तरी तो सगळं उत्तम दाखवतो. दोन्ही टोकांचे कनेक्टर काढा (कंट्रोल युनिटचाही, नाहीतर ते जळेल), फ्यूज लावून त्या वायरीतून २१ वॅटचा बल्ब पेटवा आणि वायर वाकवत जा. बल्ब मंद झाला की जागा सापडली. इंजिन हलतं तिथेच इन्सुलेशनच्या आत तारा तुटतात. अर्थ तपासताना इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवा. गिअरबॉक्सची बॉडी आणि बॅटरीचं ऋण टोक यांत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको.

कनेक्टरमध्ये ऑइल आहे का बघा. ते तारांमधून वर चढतं. कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा आणि त्याच मापाची सुटी पिन प्रत्येक भोकात घालून पाहा. सहज सरकली तर टर्मिनल बदला, पक्कडीने दाबू नका.

हे सगळं स्वच्छ निघालं, तरच गिअरबॉक्सच्या तळाचा ऑइल पॅन उघडून आतली वायरिंग बघा. कंट्रोल युनिटचे तडकलेले सोल्डर त्यानंतर.

प्रश्न : बॅटरी काढून कोड पुसले तर?

उत्तर : दोष तसाच राहतो. जुन्या गाड्यांत कोडसोबत त्या क्षणाची वेग-तापमानाची नोंदही पुसली जाते, आणि गिअरबॉक्सने शिकलेली जुळणी गेल्यामुळे काही दिवस झटके बसतात. आधी सगळं लिहून घ्या.